भूस्थिर उपग्रह उत्तर-दक्षिण डोलू लागला? हिशेबातल्या या चुका टाळा

भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाला रोखून धरलं नाही, तर चंद्र-सूर्याच्या ओढीने त्याची कक्षा वर्षाला 0.75 ते 0.95 अंश कलते. जमिनीवरून तो रोज उत्तर-दक्षिण डोलताना दिसतो.

सूर्याची थेट ओढ चंद्राच्या सुमारे 180 पट, म्हणून बरेच जण दोष सूर्यालाच देतात. पण सूर्य पृथ्वीलाही जवळपास तितकंच ओढतो. कक्षा बिघडते ती या दोन ओढींमधल्या फरकामुळे, आणि हा फरक अंतराच्या घनाप्रमाणे घटतो. त्यामुळे चंद्राचा परिणाम सूर्याच्या दुपटीहून जास्त. कक्षा मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये या ओढीने पृथ्वीला मिळणारं त्वरण वजा करायचं राहिलं, तर पहिल्याच दिवशी उपग्रह हजारो किलोमीटर भरकटलेला दिसेल.

पंधरा वर्षांचं इंधन मोजताना एकाच वर्षाचा आकडा पंधराने गुणू नका. चंद्राचा पातबिंदू (त्याची कक्षा सूर्यमार्गाला छेदते ती जागा), म्हणजे पंचांगातला राहू, 18.6 वर्षांत फेरी पूर्ण करतो आणि कल वाढण्याचा दरही त्याबरोबर बदलतो. 2015 च्या सुमारास हा दर किमान होता, 2025 च्या सुमारास कमाल. 0.75 अंश सुधारायला सेकंदाला 40 मीटर वेगबदल लागतो, 0.95 ला 51. दोन टनी उपग्रहाच्या द्रव इंधनात हा फरक वर्षाला साधारण 27 किलो की 34 किलो, इतका पडतो.

कल सुधारायला इंजिनाने धक्का द्यायची जागाही महत्त्वाची: 90 अंश विषुवांशाजवळ (विषुवांश म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेलं आकाशातलं रेखांश) दक्षिणेकडे, किंवा 270 जवळ उत्तरेकडे. उपग्रह तिथे रोज सुमारे चार मिनिटं आधी पोचतो. महिन्यापूर्वीचीच वेळ ठेवली तर 30 अंशांची चूक होते आणि धक्क्याचा निम्म्याइतका घटक कक्षेला भलत्याच दिशेला कलवतो.

डिशचा सिग्नल कमी होतोय? कमी होण्याच्या वेळा आठवडाभर लिहून ठेवा. त्या आठवड्यात सुमारे अर्धा तास अलीकडे सरकल्या, तर कारण कललेली कक्षाच. रोज घड्याळाच्या त्याच वेळेला कमी होत असेल, तर आधी ऊन, वीजपुरवठा आणि केबल तपासा. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस थोडी मिनिटंच कमी होत असेल, तर उपग्रहामागे सूर्य येतोय. तिथे डिशला हात लावू नका. केयू बँडच्या (सुमारे 12 गिगाहर्ट्झ) 3.7 मीटर डिशला 0.24 अंशाची चूक झाली की 3 डेसिबल, म्हणजे निम्मा सिग्नल गेला. ट्रॅकिंग मोटर नसेल तर उपग्रह विषुववृत्त ओलांडतो त्या क्षणी डिश लावा, टोकाला असताना नको.

तो क्षण टीएलईवरून (उपग्रहाच्या कक्षेची दोन ओळींतली आकडेवारी) काढताना एसजीपी4 या कक्षा मोजण्याच्या पद्धतीची पूर्ण लायब्ररी वापरा. 225 मिनिटांहून मोठ्या कक्षाकाळासाठी चंद्र-सूर्याचा भाग तीच जोडते. फक्त पृथ्वीची ओढ धरणाऱ्या साध्या केप्लर सूत्रात तो नसतो.

पूर्व-पश्चिम सरकण्याचं खापर मात्र चंद्रावर फोडू नका. ते पृथ्वीचं विषुववृत्त किंचित लंबवर्तुळाकार असल्याने होतं. म्हणूनच 75 अंश पूर्वेच्या स्थिर बिंदूला (जिथे ही ओढ शून्य असते) लागून असलेल्या 74 अंशांवरच्या भारतीय उपग्रहांना ही ओढ जेमतेम जाणवते, पण कल मात्र त्यांचाही इतरांइतकाच वाढतो.