शिक्षणाधिकारी म्हणून नव्याने रुजू झालात? तालुक्याच्या टीमबाबत या चुका टाळा

जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी म्हणून रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर 'ओके सर', 'होय मॅडम' सुरू होतं. त्यावर विसंबू नका. एखाद्या शाळेत पोषण आहारातून मुलं आजारी पडली, तर ते तुम्हाला आधी तालुक्याचं शिक्षण खातं सांभाळणाऱ्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या फोनवरून कळतं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून? पेपरातून कळत असेल, तर तालुक्याचा तुमच्यावर भरवसा नाही, आणि दुरुस्ती तुमच्याच टेबलापासून करावी लागेल.

सर्वांत जास्त नुकसान करते ती 'आज तीन वाजेपर्यंत माहिती सादर करा' ही सवय. पटसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं हे सगळं शाळांनी यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर भरलेलं असतं, वेतनाचा तपशील शालार्थ या वेतन प्रणालीत असतो. तरीही तीच माहिती नव्या तक्त्यात मागितली जाते. मग शाळांच्या एका गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख एकेका मुख्याध्यापकाला फोन लावत बसतात आणि द्विशिक्षकी शाळेत एका गुरुजींचा वर्ग तेवढा वेळ सुटतो. घाईत आलेले आकडे अंदाजाने भरलेले असतात, आणि तेच घेऊन तुम्ही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसमोर उभे राहता. आधी आपल्या कार्यालयाला पोर्टलवरून माहिती काढायला लावा. उरेल तेवढंच मागा, कशासाठी हवंय ते सांगा. वरूनच तातडीचं आलं असेल तर तसं सरळ सांगावं. लोक समजून घेतात.

दुसरी चूक तोंडी आदेशांची. फोनवर 'करून टाका' म्हणायचं आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की त्याच गटशिक्षणाधिकाऱ्याकडून खुलासा मागायचा. एवढं एकदा घडलं तरी पुरे. त्यानंतर प्रत्येक साध्या कामासाठी तुमच्याकडे मार्गदर्शन मागणारं पत्र येईल, कारण कोणालाच स्वतःच्या सहीवर निर्णय घ्यायचा नसेल. फोनवर सांगितलेलं त्याच दिवशी लेखी द्या. आणि तुमच्या आदेशावरून झालेल्या कामाबद्दल सभेत प्रश्न आला, तर उत्तर तुम्हीच द्या. याची आठवण टीम वर्षानुवर्षं ठेवते.

व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) सगळ्या तालुक्यांसमोर झापणं तर बंदच करावं. अनेक ठिकाणी गटशिक्षणाधिकाऱ्याची खुर्ची रिकामी असते आणि विस्तार अधिकारी स्वतःचं बीट (नेमून दिलेला शाळांचा भाग) सांभाळून प्रभारी म्हणून ती ओढत असतात. कोणाकडे किती अतिरिक्त कार्यभार आहे, ते बैठकीआधी बघा.

प्रतिनियुक्तीबद्दल, म्हणजे शिक्षकाला मूळ शाळेतून तात्पुरतं दुसरीकडे कामाला लावण्याबद्दल, मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या. त्यामुळे ओळखीपाळखीचा दबाव प्रतिनियुक्त्यांकडे वळतो. दुर्गम शाळेतला शिक्षक 'कार्यालयीन कामासाठी' तालुक्याच्या गावी येतो, मागे शाळा एकशिक्षकी होते आणि तिथल्या पालकांना तोंड द्यायला केंद्रप्रमुख उरतात. अशा एका आदेशावर सही केलीत, तर गुणवत्तेवरचं तुमचं भाषण त्यांनी का ऐकावं?

फायलींचंही तसंच. 12 वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी, वैद्यकीय देयकं हे लोकांच्या हक्काचे पैसे आहेत. कोणती फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, याची यादी दर महिन्याला मागवा.

शाळाभेटीत निव्वळ रजिस्टरं तपासून परतू नका. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी ज्ञानरचनावादी पद्धतीचं (मुलं अनुभवातून स्वतः शिकतात, या विचाराचं) काम शिक्षकांसोबत वर्गात उभं केलं, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक तिथे गेले. तेही एका बीटचं काम. शिक्षणाधिकारी स्वतः पहिलीच्या मुलांसोबत बसून वाचन घेऊ लागले, तर सोबत आलेले केंद्रप्रमुखही अडचणी मोकळेपणाने सांगतात.

घडी आधीच विस्कटलेली असेल, तर सुरुवात प्रतिनियुक्त्यांच्या यादीपासून करा. नियमात न बसणाऱ्या रद्द करा, आणि त्यात तुमच्या स्वतःच्या कार्यालयात बसवलेले शिक्षक सर्वांत आधी शाळेत पाठवा.