स्क्रीन हिरवा दिसला म्हणून प्रेप चांगला होत नाही: प्रीक्लिनिकलमध्ये या चुका टाळा

बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला, रुग्णाला हात लावण्याआधीच्या प्रीक्लिनिकल सरावात, फँटम हेडवर (डोक्याच्या डमीवर) क्राऊन किंवा फिलिंगसाठी दात कापायला, म्हणजे प्रेप करायला, शिकवताना आता स्कॅनर, आदर्श प्रेपशी तुलना करून जुळेल ते हिरवं आणि चुकेल ते लाल दाखवणारं सॉफ्टवेअर, सिम्युलेटर असं सगळं हाताशी असतं. मला ही साधनं हवीच आहेत. पण दर बॅचला त्याच चुका होतात आणि त्यातल्या निम्म्या आम्हा शिकवणाऱ्यांच्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मार्क सॉफ्टवेअरवर सोडणं. एका मुलाने ३६ नंबरवर, म्हणजे खालच्या डाव्या पहिल्या दाढेवर, धातूच्या क्राऊनसाठी प्रेप केला होता. "मॅडम, सगळं हिरवं आलंय!" म्हणत तो धावत आला. खरंच, स्क्रीनवर लाल ठिपकाही नव्हता. मी पुट्टी इंडेक्स (न कापलेल्या दाताचा साचा) बसवून पाहिला तर फंक्शनल कस्पवर, म्हणजे चावताना भार घेणाऱ्या उंचवट्यावर, जिथे १.५ मिमी जागा हवी, तिथे अडीचच्या आसपास होती. मार्जिन, म्हणजे प्रेपची कड, हिरडीखाली गेली होती आणि शेजारच्या ३७ ला बरचा (दात कापायच्या फिरत्या टोकाचा) चरा पडला होता.

झालं होतं असं, की सॉफ्टवेअरने त्याचा प्रेप आणि आदर्श प्रेप 'बेस्ट फिट'ने एकमेकांवर बसवले होते. आकार बरोबर होता, फक्त अख्खा आकार खाली सरकला होता. सॉफ्टवेअरने तो उचलून जागेवर ठेवला आणि चूक झाकली गेली. ३७ तर स्कॅनमधून छाटूनच टाकला होता. रुग्णाच्या तोंडात हेच घडलं असतं, तर चांगल्या दाढेला कायमची इजा झाली असती.

म्हणून जुळवणी नेहमी न कापलेल्या शेजारच्या दातांवर करा आणि ते दात छाटू नका. माझ्याकडे बर हातात घेण्याआधी पुट्टी इंडेक्स तयार लागतो. कापून झाल्यावर मूल आधी प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) मोजतं आणि वहीत लिहितं: फंक्शनल कस्प किती, नॉन-फंक्शनल किती, चॅम्फर (कडेचा गोलसर उतार) किती. स्कॅन त्यानंतर. वहीतला आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जिथे जुळत नाहीत, तिथेच खरं शिकवणं सुरू होतं. दर दोन मिनिटांनी स्कॅनरकडे पळणाऱ्या मुलांना मी थांबवते. घाईने नजर तयार होत नाही.

सिम्युलेटरवर मुलं दात हवा तसा फिरवून बघतात. वरच्या दाढा फँटम हेडवर आरशातच बघाव्या लागतात, तेव्हा हीच मुलं अडतात. मी दृश्य फिरवायला मनाई करते आणि सुरुवातीची दहा मिनिटं आरशात बघत कागदावर कॅव्हिटीची बाह्यरेषा काढायला लावते. कंटाळतात, पण हात वळतो. फिंगर रेस्ट (हात स्थिर ठेवणारा बोटाचा टेकू) नसेल तर सिम्युलेटरही बंद करते.

डेमोचा व्हिडिओ समोरून काढू नका. कॅमेरा डॉक्टरच्या खांद्यामागे हवा, नाहीतर डावं-उजवं उलटं होतं.

प्लॅस्टिकचा दात आहे म्हणून पाणी बंद ठेवून कापू देऊ नका. पाण्याच्या फवाऱ्यात बघण्याची सवय इथेच लागते.

आणि कापण्याआधीचा स्कॅन. तो राहिला, तर मूळ दातातून नेमकं किती गेलं हे नंतर मोजणार कशावरून? हँडपीस सुरू करू देण्याआधी मी प्रत्येकाची ती फाईल स्वतः उघडून बघते.