नळीला किती पीळ, तिला कुठली गोळी

टार्गेटवर आडवं भोक पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, शेजारच्या लेनमधल्याने चुकून माझ्या कागदावर मारलं. गोळीचं भोक गोल असतं. हे इंचभर लांब होतं, जणू गोळी कागदावर कुशीवर निजवून दाबली होती. पन्नास यार्डांवर पाच गोळ्या मारल्या, त्यांतल्या तीन अशाच आडव्या लागल्या. दोन कुठे गेल्या ते देवाला माहीत.

रायफल जुनी होती, .२४४ रेमिंग्टन या काडतुसाची. डोंगरातल्या मॅमथ लेक्स गावच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून डीलरमार्फत घेतली, कॅलिफोर्नियाच्या कायद्याचे दहा दिवस थांबून हातात आली. पहिल्यांदा त्याच्या सोबतीने तिकडेच मारून बघितली होती. शंभर यार्डांवर तीन इंचांत बसली, म्हटलं डुकरांसाठी चालेल. काडतुसं मीच भरलेली, ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) तांब्याची गोळी. तीच रायफल, त्याच डब्यातली काडतुसं, आणि सॅन होजेला खाली आल्यावर ही गत. चूक माझी होती. डब्यावरचं वजन वाचलं आणि नळीला काही विचारलंच नाही.

माझ्या आजोबांकडे संगमेश्वरला पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे पीळ हा प्रकार मला ठाऊकच नव्हता. (तिकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंदी आहे. हे सगळं परदेशात रीतसर लायसन्स काढून शिकार करणाऱ्यांसाठी.) पण भोवरा सगळ्यांना ठाऊक असतो. जाळी कसून ओढली की भोवरा एका जागी झोपतो, ढिली सुटली की डुलतो आणि आडवा होतो. आणि भोवरा जितका उंच आणि बारीक, तितका त्याला उभं ठेवायला जास्त वेग लागतो. रायफलची गोळी म्हणजे असाच एक लांबट भोवरा. तिला फिरवतात नळीच्या आत कोरलेले मळसूत्री आटे. १२ इंचांत एक फेरा पूर्ण झाला तर तो १:१२ चा पीळ, ८ इंचांत झाला तर १:८. आकडा लहान तेवढा पीळ घट्ट.

म्हणून पहिलं काम, आपल्या नळीचा पीळ स्वतः मोजा. जुन्या रायफलीबद्दल कोण काय सांगतो त्यावर विसंबू नका. रायफल रिकामी आहे ना ते डोळ्याने आणि बोटाने तपासा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. मुठीत फिरणारी क्लीनिंग रॉड घ्या. मूठ फिरणारी नसेल तर रॉड आट्यांवरून नुसतीच घसरते आणि माप खोटं येतं. टोकाला जरा घट्ट बसेल असं चिंधीचं पॅच लावा आणि रॉड नळीत चार-पाच इंच सरकवा. आता रॉडवर टेपचा छोटा झेंडा वरच्या अंगाला चिकटवा आणि नळीच्या कडेशी रॉडवर पेन्सिलची खूण करा. सावकाश ढकला. झेंडा पूर्ण गिरकी घेऊन परत वर आला की थांबा, पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा पीळ. तीनदा मोजा. माझा मुलगा पट्टी धरून बसला होता, त्याने तिन्ही वेळा "बाबा, बारा" म्हटलं, आणि मला आडव्या भोकांचं उत्तर मिळालं.

दुसरं काम गोळीची लांबी. वजन नव्हे, लांबी. सगळा घोळ इथेच होतो, कारण डब्यावर वजनच मोठ्या अक्षरात असतं. शिसं असेल तर वजनावरून लांबीचा अंदाज बरा येतो. पण शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची ९ च्या आत, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. आमच्याकडे हा प्रश्न टाळता येत नाही. कॉन्डॉर गिधाडं शिकारीची आतडी खाताना शिशाचे कण गिळून मरत होती, म्हणून त्यांच्या टापूत २००८ पासून आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्या कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. आजोबांच्या काळातली रायफल आणि आजची तांब्याची गोळी यांचं लग्न जुळवताना पत्रिका बघावीच लागते. सुटी गोळी असेल तर कॅलिपरने मोजा. तयार काडतुसात ती पुंगळीत लपलेली असते, ती उपसत बसू नका. बनवणारे किती पीळ लागतो ते सहसा डब्यावर किंवा साइटवर देतात.

तिसरं काम हिशेब. १८७९ पासून ग्रीनहिल यांचं सूत्र चालत आलंय: लागणारा पीळ म्हणजे १५० गुणिले गोळीच्या व्यासाचा वर्ग, भागिले लांबी. वेगवान रायफलला १५० च्या जागी १८० घेतात. झटपट अंदाजाला ठीक आहे, पण मी डॉन मिलर यांचा नियम वापरतो. त्यात गोळीचं वजन ग्रेनमध्ये, लांबी आणि पीळ मात्र व्यासाच्या पटीत घ्यायचे. ३० गुणिले वजन वर. खाली पिळाचा वर्ग, व्यासाचा घन, लांबी, आणि लांबीच्या वर्गात एक मिळवून, हे सगळं गुणून. येणारा आकडा १ च्या खाली असेल तर गोळी लोळणार. १ ते १.३ म्हणजे नशिबावर. १.४ च्या पुढे निर्धास्त.

माझी गोळी १.०५ इंच लांब, व्यास .२४३, म्हणजे लांबी ४.३२ पट. १२ इंचांचा पीळ ४९.४ पट. वर २५५०, खाली साधारण २९७५. उत्तर ०.८६. वेगाची दुरुस्ती धरून ०.८९. तीच गोळी १:१० मध्ये टाका, १.२८ येतं, १:९ मध्ये १.५८. टोकाला प्लास्टिकची चोच असेल तर हा नियम गोळीला आहे त्यापेक्षा वाईट ठरवतो, कारण चोच लांबी वाढवते पण तिला वजन जवळपास नाही.

मग मॅमथला कशी बसली? मॅमथ लेक्स आहे ७९०० फुटांच्या आसपास. तिथली हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपट-ऐंशी टक्के दाट. हवा विरळ तितकी गोळी उलथवायला जोर कमी. ०.८९ चा आकडा तिथे १.१३ होतो. म्हणजे ती तिथेही डुलतच होती, फक्त पडत नव्हती. तीन इंचांची पसरण मी निमूटपणे गोड मानून घेतली. थंडीचं याच्या उलट. गार हवा दाट असते, शून्य फॅरनहाइटला आकडा दहा-बारा टक्क्यांनी उतरतो. एआर-१५ रायफलची सुरुवातीची नळी १:१४ ची होती. कडाक्याच्या थंडीत ५५ ग्रेनची गोळी डगमगते म्हणून १९६३ मध्ये ती १:१२ केली. तुम्ही ज्या सगळ्यात सखल आणि सगळ्यात गार जागी शिकार करणार, हिशेब तिथला करा.

.२४४ ची गोष्ट अमेरिकन शिकाऱ्यांमध्ये जुनी आहे, मलाच उशिरा कळली. १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन एकाच वर्षी बाजारात आल्या. दोघींची गोळी एकाच व्यासाची, नावं मात्र वेगळी. विंचेस्टरने १:१० चा पीळ दिला, रेमिंग्टनने १:१२, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर लहान प्राण्यांसाठीच्या हलक्या गोळ्या होत्या. गिऱ्हाइकाला हरणासाठी १०० ग्रेनची हवी होती. गिऱ्हाईक .२४३ कडे गेलं. पुढे १९६३ मध्ये तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन नावाने १:९ च्या पिळासह परत आणलं, पण गेलेली बाजी गेली.

बाकीच्या काडतुसांच्या नळ्यांचं थोडक्यात, वजनं ग्रेनमध्ये. .२२३ ला १:१२ असेल तर ५५ ग्रेनपाशी थांबा, १:९ ला ६९ पर्यंत, १:८ किंवा १:७ ला ७७. .३०८ च्या १:१२ मध्ये १६८ ची शिशाची आरामात चालते, १:१० असेल तर १८० पासून पुढे काळजी नाही. .३०-०६ ला जुन्या काळापासून १:१०, ती २२० ग्रेनही पचवते. ६.५ क्रीडमूर मुळातच १:८ ची, १४० च्या लांब गोळ्यांसाठी घडवलेली. तिला हा लेख वाचायची गरज नाही. हे आकडे शिशाच्या गोळ्यांचे. तांब्याला वजनाची एक पायरी खाली उतरा.

बारूद वाढवून पिळाची कसर भरून निघत नाही, हे मात्र नीट समजून घ्या. वेग दहा टक्के वाढला तर मिलरचा आकडा जेमतेम तीन टक्क्यांनी हलतो. पीळ १२ चा १० झाला तर चव्वेचाळीस टक्क्यांनी. लोडिंग मॅन्युअलमधल्या कमाल मर्यादेपुढे गेलात तर गोळी सरळ होणार नाही, पुंगळी तेवढी फाटेल.

उलट बाजूने, पीळ गरजेपेक्षा घट्ट असेल तर? मोठ्या शिकारीच्या गोळीला काही होत नाही. पातळ कवचाच्या गोळ्यांचं तेवढं सांभाळा. १:७ च्या नळीतून सेकंदाला ३२०० फूट वेगाने सुटलेली गोळी मिनिटाला सव्वातीन लाखांहून जास्त फेरे घेते. तिथे कवच हवेतच सोलून निघू शकतं.

शेवटी कागद. पाठीमागे घट्ट पुठ्ठा लावा, नुसता लोंबता कागद फाटतो आणि भोक खोटं दिसतं. आधी पन्नास यार्ड, मग शंभर, सकाळच्या गार हवेत पाच-पाच गोळ्या. भोकाभोवतीची करडी कड बघा. ती सगळीकडून सारखी असेल तर भोवरा झोपलाय. एका बाजूला जाड आणि भोक किंचित लांबट असेल तर गोळी डुलतेय, मग गोळ्या कितीही जवळजवळ बसलेल्या असोत, ते काडतूस जनावरावर वापरू नका.

डुकरांसाठी आता मी .३०८ नेतो, १:१० ची नळी आणि १५० ग्रेनचं तांबं. हिशेबाने २ येतं. .२४४ विकली नाही. तिच्या पेटीच्या झाकणावर मार्करने मोठा "१२" लिहिलाय, आणि रविवारी रेंजवर तिच्यातून ८० ग्रेनच्या आखूड शिशाच्या गोळ्या जातात. कागदावर शिशाला बंदी नाही.