अधिसभेसाठी शिक्षक गटाची निवडणूक: कोकणातल्या प्राध्यापकांनो, या चुका टाळा

मुंबई विद्यापीठाची हद्द मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत आहे. या अख्ख्या पट्ट्यातल्या महाविद्यालयीन शिक्षकांनी मिळून अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, १० प्रतिनिधी निवडून द्यायचे असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये जिल्हावार वाटणी नाही. रायगडला इतक्या, रत्नागिरीला इतक्या असं कुठेही लिहिलेलं नाही. मुंबई-ठाण्यातल्या मोठमोठ्या महाविद्यालयांसमोर देवगड, लांजा, मंडणगडची मतं थोडी दिसतात, आणि म्हणूनच "आपल्या मताने काय होणार" हे वाक्य दर वेळी स्टाफरूममध्ये ऐकू येतं. ते खरं नाही. मतमोजणीची पद्धत अशी आहे की विखुरलेली थोडी मतंही एकत्र येऊन माणूस निवडून आणू शकतात. अट एवढीच, की मत नीट द्यायला हवं.

यादीत नाव आहे, असं गृहीत धरणं

सगळ्यात आधीची आणि सगळ्यात जास्त नडणारी चूक हीच. मतदार यादी महाविद्यालयाने पाठवलेल्या माहितीवरून तयार होते. माहिती भरणारा कारकून प्रवेशाच्या गर्दीत असतो, जुनीच फाईल पुढे सरकवतो, आणि मग बदली होऊन आलेल्या मॅडम जुन्या महाविद्यालयात राहतात, नव्या सरांचं नावच सुटतं. तात्पुरती यादी लागली की स्वतः उघडून बघा: नावाचं स्पेलिंग, महाविद्यालय, गट. चूक असेल तर मुदतीच्या आत लेखी आक्षेप द्या आणि पोच घ्या. फोनवर "हो हो, करतो" म्हटलेलं कामाला येत नाही. अंतिम यादी लागल्यावर कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नसतो.

कायद्यातली शिक्षकाची व्याख्या पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त माणसाची आहे. म्हणून विद्यापीठाचं अप्रूव्हलचं पत्र हाताशी ठेवा. विनाअनुदानित तुकडीवरच्या अनेकांचं अप्रूव्हल रखडलेलं असतं आणि ते निवडणूक तोंडावर आल्यावरच आठवतं. सीएचबीवर, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना या गटात मत नाही. आपल्याकडे कितीतरी विभाग त्यांच्याच जिवावर चालतात, त्यामुळे हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. पण आजचा नियम तसा आहे. उलट ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक हे व्याख्येत येतात, तरी "आम्ही कुठे शिक्षक" म्हणून बाजूला राहतात. त्यांनी यादी जरूर बघावी. प्रभारी प्राचार्यांनीही बघावी, कारण प्राचार्यांचा गट वेगळा आहे आणि आपलं नाव नेमकं कुठे पडलंय हे आधी कळलेलं बरं.

आणखी एक. आक्षेपाची मुदत नेमकी गणपतीच्या सुट्टीत आली तर महाविद्यालयाचा ईमेल कुणी उघडत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची परिपत्रकं बघण्याचं काम प्रत्येक महाविद्यालयात एका माणसाकडे सोपवा. तारखा बदलतातही. पदवीधर गटाची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर होऊन थांबली, आणि प्रत्यक्ष मतदान २४ सप्टेंबर २०२४ ला झालं, तेही दोन दिवस आधीची तारीख ऐन वेळी स्थगित होऊन, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर.

अर्ज भरताना

सूचक आणि अनुमोदक आपल्याच गटातले मतदार हवेत. आदराने प्राचार्यांची सही घेतली आणि अर्ज बाद झाला, असं होऊ देऊ नका. नाव यादीत जसं छापलंय तसंच अर्जात लिहा. राखीव जागेवर उभं राहायचं असेल तर जातवैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. आणि अर्ज द्यायला शेवटच्या दिवशी पोहोचायच्या हिशेबाने कोकणकन्या किंवा तुतारी पकडू नका. पावसाळ्यात दरड कधी येईल याचा नेम नाही.

उमेदवार ठरवताना निवृत्तीची तारीखही विचारा. अधिसभेची मुदत पाच वर्षांची. निवृत्त झाल्यावर शिक्षक गटातलं सदस्यत्व राहत नाही.

"एकच लिहा, बाकी कोरं सोडा"

आता मुख्य मुद्दा. ही निवडणूक शिक्का मारण्याची नाही, पसंतीक्रमाची आहे. नावासमोर १, २, ३ असे आकडे घालायचे. प्रचारात मात्र हमखास सांगितलं जातं, "सर, आपल्या माणसाला एक नंबर द्या आणि पुढे काही लिहू नका, नाहीतर आपलंच नुकसान." हे साफ चुकीचं आहे. तुमची दुसरी पसंती तेव्हाच बघितली जाते, जेव्हा पहिल्या पसंतीचा उमेदवार कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, ओलांडून निवडून आलेला असतो किंवा स्पर्धेतून बाद झालेला असतो. तो शर्यतीत आहे तोवर तुमचं मत त्याच्याकडेच राहतं. दोन नंबर लिहिल्याने त्याचं केसभरही कमी होत नाही.

कल्पित आकडे घेऊन बघू. खुल्या, म्हणजे राखीव नसलेल्या, ५ जागा आणि वैध मतं २४००. कोटा काढताना मतांना जागांपेक्षा एकने जास्त संख्येने, म्हणजे ६ ने भागतात आणि एक मिळवतात: ४०१. कोकणातून तीन उमेदवार उभे आहेत. रायगडच्याला पहिल्या पसंतीची १८०, रत्नागिरीच्याला १२०, सिंधुदुर्गच्याला ११०. तिघंही कोट्यापासून फार लांब. पण बेरीज ४१० आहे. सिंधुदुर्गचा उमेदवार बाद झाला आणि त्याच्या मतदारांनी दुसरी-तिसरी पसंती उरलेल्या दोघांना दिली असेल, तर ती मतं पुढे सरकतात. मग रत्नागिरीचा बाद झाला, त्याचीही सरकली, आणि रायगडचा ४१० वर जाऊन निवडून आला. आता तेच मतदार "एकच लिहा" ऐकून थांबले असते तर? ११० मतं तिथेच संपली असती, १२० तिथेच, आणि १८० वाला बघत बसला असता.

म्हणून "एका जिल्ह्याने दुसऱ्यासाठी माघार घ्यायची की नाही" यावरून जी भांडणं होतात, ती निम्मी तरी निरर्थक आहेत. उभे राहा तिघं. पण तिघांनीही आपापल्या मतदारांना उघडपणे सांगा, की माझ्यानंतर या दोघांना क्रमांक द्या.

मतपत्रिका बाद होण्याची कारणं साधी असतात. बरोबरची खूण केली. १ हा आकडा दोन नावांपुढे घातला. १ कुठेच नाही आणि २ पासून सुरुवात. आकड्याऐवजी "एक" असं अक्षरी लिहिलं. कुठेतरी सही केली. १, २ आणि मग थेट ४ लिहिलं तर मत बाद होत नाही, पण २ च्या पुढे ते चालत नाही. लिहून झाल्यावर क्रम एकदा बोटाने मोजा, आणि केंद्रावर दिलेल्याच पेनाने लिहा.

दहापैकी पाच जागा राखीव आहेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. त्यांच्यासाठीही सगळ्याच शिक्षकांनी मत द्यायचं असतं. "मी त्या प्रवर्गातला नाही" म्हणून ते कोरं ठेवणं म्हणजे निम्म्या जागांवरचा आपला हक्क सोडणं. शिवाय तिथे जागा एकच, म्हणून कोटा निम्म्याहून एक जास्त. २४०० मतांत १२०१. खालच्या पसंत्यांची गरज तिथे आणखी पडते.

मत मागायला आले की काय विचारायचं

अधिसभा अर्थसंकल्प मंजूर करते, प्रश्न विचारते, ठराव मांडते. रोजचे धोरणाचे आणि कारभाराचे निर्णय मात्र व्यवस्थापन परिषद घेते, आणि तिथे अधिसभेतल्या शिक्षकांमधून फक्त दोघंच निवडून जाऊ शकतात. बहुतेक मतदार ही दुसरी पायरी विसरतात. तेव्हा उमेदवार चहाला बसला की नुसतं "कसं काय सर" करून सोडू नका. व्यवस्थापन परिषदेसाठी तुम्ही कुणाच्या मागे उभे राहणार? रत्नागिरी उपकेंद्रातच सुटायला हवीत अशी कोणती कामं आज मुंबईला जाऊन करावी लागतात, आणि त्यासाठी कोणता ठराव मांडणार? रखडलेल्या अप्रूव्हलबद्दल पहिल्याच बैठकीत प्रश्न लावणार का? उत्तरं स्टाफरूमच्या फळ्यावर उमेदवाराच्या नावासकट लिहून ठेवा, म्हणजे क्रमांक कुणाला कितवा द्यायचा ते ठरवणं सोपं जाईल.