फ्रेंच स्पॅनिएल शिकारीवरून परतल्यावर

एपान्यल फ्राँसे, म्हणजे फ्रेंच स्पॅनिएल, ही शिकारी कुत्र्यांची एक जात. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, नराची उंची 56 ते 61 सेंमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जुनी जात संपत आली होती. फुर्निए नावाच्या धर्मगुरूने ती सावरली. पक्ष्याचा वास लागला की जागीच थबकून तो दाखवायचा, हे याचं काम. कान, पाय आणि शेपटीची झालर देखणी खरी, पण रानातलं सगळं तिथेच अडकतं. म्हणून घरी आल्यावर आधी हात फिरवायचा, कंगवा नंतर.

सुरुवात पंजांपासून करा. प्रत्येक बोट फाकवून मधली जागा चाचपा. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात वाळलेल्या गवताची कुसळं ही मोठी डोकेदुखी. कुसळाचे काटे उलटे असतात, त्यामुळे ते फक्त पुढे सरकतं, मागे येत नाही. बोटांमध्ये भोक असलेली गाठ दिसली आणि कुत्रा सारखा चाटत असला, तर ते आत गेलंय. खणत बसू नका, डॉक्टर गाठा. तळव्यांमधले केस गादीच्या पातळीला कापून ठेवले की हा त्रास बराच कमी होतो.

मग कान. पाळी उलटवून भोकाखालचे केस आखूड करा, हवा खेळू द्या. आठवड्यातून एकदा कोमट केलेलं कानाचं औषधी द्रावण घालून बुडाशी अर्धा मिनिट चोळा, डोकं झटकू द्या, कापसाने पुसा. काडी नको, मळ आत ढकलला जातो. मात्र अचानक एकाच बाजूला मान कलली असेल तर थेंबही घालू नका. कुसळ असण्याची शक्यता जास्त.

गोचीड दिसली तर गोचीड काढायच्या छोट्या आकड्याने (हुकने) पिळ देत काढा, तेल लावू नका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप किंवा गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

शेवटी झालर. गुंता टोकाकडून बोटांनी सोडवा, मग धातूचा कंगवा. आंघोळ त्यानंतरच, भिजलेला गुंता आवळतो आणि कापावाच लागतो.

पिल्लू घेणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. या जातीत एक आनुवंशिक आजार आहे: काही महिन्यांचं पिल्लू स्वतःची बोटं चावतं आणि त्याला वेदना कळतच नाहीत. दोष आई-बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि डीएनए चाचणीत तो कळतो. दोघांचे अहवाल मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे बघा.