दुकानाच्या वेबसाइटवर काय लिहायचं आणि कसं

लोगो ठरतो, रंग ठरतात, डोमेनचे पैसे भरून होतात. मग वेबसाइट बनवणारा म्हणतो, "आता मजकूर पाठवा," आणि काम तिथेच महिनोन्‌महिने अडकतं. शेवटी कंटाळून कुठल्यातरी दुसऱ्या साइटवरून उचललेलं असं काहीतरी जातं: "आम्ही ठाण्यातील एक अग्रगण्य व विश्वासार्ह नाव असून ग्राहकांना उत्कृष्ट सेवा माफक दरात देण्यास कटिबद्ध आहोत." हे वाक्य मिठाईवाल्याचं आहे, पतपेढीचं की पेस्ट कंट्रोलवाल्याचं, सांगता येईल? जे वाक्य शेजारच्या गाळ्याला जसंच्या तसं चालतं ते काढून टाकायचं. एवढी एकच चाळणी लावली तरी बहुतेक साइटींवरचा निम्मा मजकूर उडेल.

मग लिहायचं काय? लोक फोनवर विचारतात ते.

उदाहरणासाठी एक व्यवसाय धरू. ठाण्यातल्या नौपाड्यात राहत्या घरातून चालणारा. गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत फराळ. चालवणाऱ्या काकूंना वेबसाइट काढायची आहे.

आधी वही, मग लॅपटॉप

आठवडाभर फोनपाशी एक वही ठेवा. जो प्रश्न येईल तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज चाळलेत तर बरीचशी वही तिथेच भरेल. काकूंच्या वहीत काय असेल? एकवीस मोदकांचे किती? पूजेच्या आधी मिळतील ना? कोपरीला पोचवता का? आम्हीच घ्यायला येऊ, पण गाडी कुठे लावायची? खव्याचे नकोत हं, गूळ-खोबऱ्याचेच ना? आदल्या दिवशी नेले तर फ्रिजमध्ये ठेवायचे का? आगाऊ पैसे द्यावे लागतात का?

ही वही म्हणजेच तुमचा मजकूर. सारखे सारखे येणारे प्रश्न पानावर वर, क्वचित येणारे खाली. "तुमचं ध्येय काय?" असं फोनवर किती जण विचारतात तेही बघा, आणि 'आमच्याविषयी' हे पान त्या हिशोबाने लांब करा.

विचारणाऱ्याचे शब्द जपायचे, कारण शोधणाराही तेच शब्द वापरतो. भुकेला माणूस गूगलवर 'पारंपरिक महाराष्ट्रीय मिष्टान्न' शोधत नाही. 'उकडीचे मोदक ठाणे' असं टाकतो, आणि पुष्कळदा रोमन लिपीत टाकतो. गूगलच्या चौकटीत 'उकडीचे मोदक' एवढंच टाइप करून थांबा. खाली जे पर्याय उलगडतात ते लोकांच्या प्रत्यक्ष शोधांवरून आलेले असतात. त्यातले तुमच्या कामाचे शब्द वहीत उतरवून घ्या. मात्र मिळाले म्हणून ते प्रत्येक ओळीत कोंबू नका. असं पान वाचवत नाही, आणि गूगलही अशा कोंबाकोंबीला स्पॅम मानतं.

पहिल्या चार ओळी

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. वेबवरच्या वाचनाचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९७ साली मांडलेले आकडे अजून सांगितले जातात: त्यांच्या पाहणीत ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते, शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्के होते. तेव्हा लोक निदान खुर्चीत बसून, मोठ्या पडद्यावर वाचायचे. तुमचं पान आज उघडलं जातं ते ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, एका खांद्याला बॅग, लक्ष इंडिकेटरकडे.

म्हणून बातमीच्या इंट्रोत असतं तसं मुख्य उत्तर आधी द्या. काकूंच्या पानाची सुरुवात अशी करता येईल:

"गणपतीसाठी हाताने वळलेले उकडीचे मोदक, ओला नारळ आणि गुळाचे. ११ आणि २१ नगांचे डबे. ऑर्डर किमान तीन दिवस आधी द्या. नौपाडा, चरई, पाचपाखाडी आणि कोपरीत सकाळी ८ च्या आत घरपोच."

यात 'स्वादिष्ट' नाही, 'दर्जेदार' नाही. मोदक करणारा कोणीही ते बेचव आहेत असं लिहिणार नाही, त्यामुळे त्या शब्दांना वजन नाही. वजन असतं ते तपासता येईल अशा गोष्टीला. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचा, १४ अंकी क्रमांक पानावर टाका. 'शुद्धतेची हमी' लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

दर लिहावेत की नाही, यावर दुकानदार माझ्याशी हटकून वाद घालतात. "समोरच्याला कळतील ना!" समोरच्याला ते एका फोनमध्ये केव्हाच कळलेत. अडतं ते गिऱ्हाईकाचं. दर दिसला नाही की तो विचारण्याची तसदी घेत नाही, मागे जाऊन दुसरी साइट उघडतो. नारळाचे भाव वरखाली होत असतील तर दरापाशी तारीख घाला, "१ ऑगस्टपासूनचे दर", आणि ते खरोखर बदलत राहा.

ठिकाणाबाबतही असंच. 'संपूर्ण ठाण्यात घरपोच' लिहिलंत की कासारवडवलीहून फोन आलाच म्हणून समजा, कारण घोडबंदर रोडचं ते टोकही ठाणेच. नवी मुंबईत आणखी घोळ: सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळात आहे, ऐरोलीत आणि खारघरमध्येही आहे. तिथे नुसता सेक्टर कधीच लिहू नये, उपनगराचं नाव सोबत हवंच. पत्त्यात पिनकोडच्या आधी ओळखीची खूण द्या. गडकरी रंगायतन म्हटलं की माणूस तलावपाळीला बरोबर पोचतो. सोसायटीचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं.

वाक्य आखूड का हवं

मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं की 'मिळेल' का 'मिळणार नाही' हे कळायला वाचणाऱ्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं. "सोसायटीच्या उत्सवासाठी शंभरपेक्षा अधिक नगांची ऑर्डर, किमान आठ दिवस अगोदर कळविल्यास व निम्मी रक्कम आगाऊ भरल्यास, स्वीकारली जाते." हे असं करा: "शंभरपेक्षा जास्त मोदकांची ऑर्डरही घेतो. आठ दिवस आधी कळवा. निम्मे पैसे आगाऊ." 'स्वीकारली जाते' हे सरकारी खिडकीला शोभतं, घरातून मोदक विकणाऱ्याने 'घेतो' म्हणावं.

परिच्छेद तीन-चार ओळींचे ठेवा आणि मध्ये उपशीर्षकं द्या. चाळणाऱ्याची नजर वरच्या एक-दोन ओळींवरून आडवी फिरते आणि मग डाव्या कडेने खाली घसरते, हे निल्सन यांच्याच संस्थेने २००६ साली नजरेचा माग काढून दाखवलं होतं. तेव्हा उपशीर्षकाचा पहिलाच शब्द कामाचा हवा. 'आमच्याकडे उपलब्ध असलेल्या मोदकांचे दर' नको. 'मोदकांचे दर' पुरे.

जे दिसत नाही तेही लिहावं लागतं

गूगलच्या निकालात जी ठळक ओळ दिसते ती बहुधा पानाच्या टायटलमधून, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणाऱ्या नावातून, येते. कित्येक साइटींवर तिथे नुसतं 'होम' असतं, म्हणजे फुकट गेलेली पाटी. 'उकडीचे मोदक, नौपाडा, ठाणे' असं लिहा. तिच्याखालच्या वर्णनासाठी दोन वाक्यं द्या. गूगल दर वेळी तीच दाखवेल असं नाही, पण द्यावीत. मेटा कीवर्ड्‌ससाठी, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दडवलेल्या शोधशब्दांसाठी, मात्र कुणाला पैसे मोजू नका. निकालांचा क्रम ठरवताना आपण ते वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या फाँटमधला असेल तर साइटवर चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, आणा, आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडलेली असतात. दरपत्रकाचा फोटो टाकून मोकळं होणंही नको. त्यातला आकडा कॉपी करता येत नाही, आणि अंध व्यक्तीला पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो वाचता येत नाही. फोटो हवाच असेल तर दर खाली अक्षरांत लिहा आणि फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, द्या: 'केळीच्या पानावर अकरा उकडीचे मोदक'.

बटणावर 'इथे क्लिक करा'ऐवजी 'व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या' लिहा. फोन नंबर असा जोडून घ्या की बोट लावताच थेट फोन लागेल.

टाकण्याआधी आणि टाकल्यावर

मजकूर मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. मग तुमच्या धंद्यातलं काही ठाऊक नसलेल्या कुणाच्या तरी हातात फोन द्या. "शनिवारी सकाळी कोपरीला २१ मोदक हवेत, बघ जमतंय का," एवढंच सांगा आणि गप्प बसा. तो जिथे अडखळेल ती ओळ दुरुस्त करा. त्याला समजावून सांगू नका. गिऱ्हाईकाला समजावायला तुम्ही तिथे नसणार.

पान सुरू झाल्यावर गूगल सर्च कन्सोल जोडून घ्या. तो फुकट आहे आणि लोक काय शोधत तुमच्यापर्यंत आले ते दाखवतो. तिथे 'शुगर फ्री मोदक' दिसलं आणि तुम्ही करत असाल तर त्यावर दोन ओळी वाढवा. करत नसाल तर तसं स्पष्ट लिहा.

आणि विसर्जन झालं म्हणून मोदकांचं पान उडवू नका. वर एक ओळ टाका, "यंदाच्या ऑर्डर बंद झाल्या आहेत, दिवाळी फराळासाठी हे पान पाहा," आणि फराळाच्या पानाची लिंक द्या. पुढच्या श्रावणात त्याच पानावर, त्याच वेब-पत्त्यावर, नवे दर आणि नवी तारीख घाला.