सत्तरच्या दशकातली मोटो गुझी घ्यायची आणि चालती ठेवायची

इथे इंग्लंडमध्ये आपल्यातले बरेच जण पन्नाशीला आले, मुलं युनिव्हर्सिटीत गेली, गॅरेज रिकामं दिसायला लागलं की जुनी बाइक घ्यायची खाज सुटते आणि मग हमखास प्रश्न येतो, इटालियन घेऊ का, सारखी बंद पडते म्हणे. डुकाटीचं गणित वेगळं, तिथे बेल्ट आले, डेस्मोच्या (व्हॉल्व्ह उघडायची-मिटवायची त्यांची खास यंत्रणा) शिम्स आल्या. मी लिहितोय ते मोटो गुझीबद्दल, आणि त्यातही १९७५ च्या सुमाराला आलेल्या ८५० टी३ बद्दल, कारण पहिली इटालियन म्हणून हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ८४४ सीसी, दोन सिलिंडर टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले त्यामुळे काहीही उघडायचं तरी हात पोचतो, चेन नाही शाफ्ट आहे, सेल्फ आहे. ज्याने घरी बजाजच्या स्कूटरचा कार्ब्युरेटर साफ केलाय आणि पॉइंट घासलेत त्याला ही गाडी जमते, घाबरायचं काही कारण नाही.

बघायला जाल तेव्हा पॉलिशवर भाळू नका. जास्त चाललेली गाडी परवडली पण वीस वर्षं गोधडीखाली झोपलेली नको. कारण असं की त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा आहे (नंतर निगुसिल हा दुसरा मुलामा आला, तो टिकतो) आणि गाडी ओलीत उभी राहिली की तो क्रोम पापुद्र्यासारखा सुटतो, सुटलेले तुकडे ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातात आणि मग खर्चाला अंत नाही. प्लग काढून आत छोटा कॅमेरा घालून बघू द्याल का असं सरळ विचारा, नाही म्हणाला तर चहा पिऊन घरी या. शाफ्टच्या पुढच्या टोकाला रबराचं बूट असतं ते फाटलेलं असेल तर आतल्या जॉइंटमध्ये पाणी गेलंय असं धरून चाला आणि तेवढे पैसे कमी करा. गाडी जागेवर उभी असताना रेस केली की ती उजवीकडे झुकते, ते नॉर्मल आहे, क्रँक लांबीच्या दिशेने बसवलाय म्हणून. आणि सीट उचलून वायरिंग बघाच. आधीच्या मालकाने निळे कनेक्टर आणि इन्शुलेशन टेप किती वापरलीय त्यावरून बाकीच्या गाडीचं काय केलं असेल ते कळतं.

गाडी घरी आली की लगेच इंजिन उघडायला बसू नका, आधी सगळं रबर बदला. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, नक्षी कितीही छान असली तरी दहा वर्षांचा टायर काढून टाका. ब्रेकचे होज, पेट्रोलचे पाइप, कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधली रबरं, आणि सगळ्यात महत्त्वाचा ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारा, पाइप. हा टाकीखाली लपलेला असतो, कडक होऊन चिरतो आणि मग इंजिनवर सगळीकडे ऑइल दिसतं, माणूस गॅस्केटमागून गॅस्केट बदलत बसतो आणि गळती तशीच. टी३ चा ब्रेक जोडलेला आहे, पायाने मागची डिस्क आणि पुढची डावी, हाताने फक्त पुढची उजवी. त्यामुळे पायाच्या ब्रेकची पाइपलाइन लांबच लांब आहे, ब्रेक ऑइलमधली हवा काढताना ती वर कुठेतरी अडकून बसते, तेव्हा पुढच्या डाव्या कॅलिपरला भरपूर वेळ द्या.

आता चार्जिंग, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. इंजिनच्या पुढच्या टोकाला बॉशचा अल्टरनेटर आहे, त्याच्या रोटरमध्ये (आतल्या फिरत्या भागात) मॅग्नेट नाही, रोटरला थोडा करंट मिळाला तरच तो काम सुरू करतो, आणि हा सुरुवातीचा करंट येतो डॅशवरच्या लाल चार्जिंगच्या दिव्यातून! म्हणजे तो टीचभर बल्ब गेला की बॅटरी चार्ज होणं बंद, आणि आपण आधी बॅटरी बदलतो, मग रेग्युलेटर, मग अल्टरनेटरच मागवतो. किल्ली फिरवली की लाल दिवा लागलाच पाहिजे. नसेल लागत तर बल्ब, मग त्याचं होल्डर, मग अल्टरनेटरचे ब्रश, याच क्रमाने बघा. तिथे हौसेने एलईडी बसवू नका, त्यातून पुरेसा करंट जात नाही. हे सगळं ठीक असेल तर मीटर लावून रोटरच्या दोन रिंगांमधला रेझिस्टन्स बघा, तीन-चार ओहम आला पाहिजे. इंजिन ३००० च्या आसपास फिरताना बॅटरीवर १४ व्होल्ट दिसले की विषय संपला.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप, तर स्वतःच करायचे, ते काम दुसऱ्याला देणं म्हणजे मजा घालवणं. गाडी रात्रभर थंड झालेली हवी. मेन स्टँडवर घ्या, दोन्ही प्लग आणि रॉकर कव्हर काढा, पाचवा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे उजव्या अंगाला रबराचं बूच आहे, ते काढून टॉर्च मारलात की फ्लायव्हीलवर डी आणि एस अशी अक्षरं सरकताना दिसतील, डी म्हणजे उजवा सिलिंडर, एस म्हणजे डावा, गाडीवर बसल्यावरचा उजवा-डावा. खूण जुळली म्हणून लगेच फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालू नका. त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा, दोन्ही किंचित खुळखुळले तर बरोबर, एक जरी टाइट लागला तर क्रँकचा अजून एक पूर्ण फेरा. गॅप ०.२२ मिमी, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला. चेक नट आवळताना स्क्रू हळूच सोबत फिरतो म्हणून आवळल्यावर परत गेज घालायचीच. टॅपेट थोडे वाजले तर वाजू द्या, आवाज नको म्हणून टाइट ठेवले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. यानंतर पॉइंट (दोन सेट आहेत, गॅप ०.४ मिमीच्या आसपास), मग टायमिंग, आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. लोक उलटीकडून सुरुवात करतात, आधी डेलोर्टो कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळतात आणि मग आयडलिंग जमत नाही म्हणून इटालियन लोकांना शिव्या घालतात.

ऑइलचं थोडक्यात. गिअरबॉक्सला पाऊण लिटर ९० नंबर, मागच्या ड्राइव्हला पाव लिटर आणि त्यात थोडं मॉलिब्डेनम. इंजिनचा फिल्टर सम्पच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या पेटीच्या) आत आहे, म्हणजे तळाचे डझनभर बोल्ट काढायचे, सगळे ॲल्युमिनियममध्ये, तेव्हा लांब पाना लावून जोर दाखवायचा नाही, आटे गेले की गेले. फिल्टर आत सुटू नये म्हणून त्याच्याभोवती होज क्लिप आवळायची जुनी पद्धत आहे, करा, काही जात नाही. पेट्रोल ई५ वालं (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल) सुपर भरा, २०२१ पासून इथलं साधं ई१० (दहा टक्क्यांपर्यंत) झालंय आणि जुन्या टाकीला, रबराला ते मानवत नाही. कागदपत्रांचं म्हणाल तर चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी (गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी) लागत नाही आणि टॅक्स शून्य, पण शून्याचा असला तरी अर्ज दरवर्षी करावा लागतो. एमओटी नको असली तरी मी म्हणेन करून घ्या, दुसऱ्याची नजर फिरलेली बरी.

आता माणसं. गुझीवाले बहुतेक सत्तरीचे इंग्लिश आजोबा, बोलायला फार गोड, आणि त्यांच्या बागेतल्या खोपटात असे पार्ट असतात जे जर्मनीहून मागवले तर वर व्हॅट भरावा लागतो. पण नुसतं "गाडी चालू होत नाही, काय करू" असं विचारलंत तर कोणी मनावर घेत नाही. वर्ष सांगा, मॉडेल सांगा, काय काय तपासलं आणि मीटरवर काय आकडा आला ते सांगा, प्लगचा फोटो दाखवा, मग बघा कसे कामाला लागतात. रोटर काढायचा पुलर, क्लच मध्यावर बसवायचं टूल असल्या वस्तू विकत घेऊ नका, कोणाकडे तरी असतात, मागून आणा आणि पुसून परत द्या, शक्यतो घरच्या चकल्यांसोबत. ऑइल कुठलं आणि पॉइंट ठेवावे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं यावर मात्र मत मागू नका, दुपार जाते.

क्लचचं काम तेवढं एकट्याने काढू नका. क्लच कोरडा आहे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, आणि तिथे पोचायची सोपी वाट म्हणजे फ्रेमच्या खालच्या दोन्ही नळ्या सोडवायच्या, इंजिन खाली टेकवून ठेवायचं आणि उरलेली फ्रेम वरून उचलून घ्यायची, गुझीचा डिझायनर लिनो तोंती याने ती फ्रेम तशीच बनवलीय. तीन माणसं, एक जॅक, शनिवारची सकाळ. प्लेट्स आणि क्रँकचं मागचं सील आधीच मागवून ठेवा, जुनं सील चांगलं दिसलं तरी बदला, कारण महिन्याभरात ते गळलं आणि परत फ्रेम उचलायला बोलावलंत तर तेव्हा सगळ्यांची नेमकी कंबर धरलेली असते.